अकलूजची रेड आणि रविवारचं मटण

प्रश्न : ताई, माझा मोठा भाऊ पुण्याहून येताना आपल्याच जिल्ह्यातली, अकलूजची ‘सेत्ते’ ही रेड वाईन आणतोय. रविवारी घरी मटण आहे. तो म्हणतो, रेडबरोबर चीज नाहीतर स्टेकच हवं, रस्सा-भाकरीत ती वाया जाईल. खरं आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रश्श्यापुरतं भावाचं बरोबर आहे. भाकरीपुरतं अजिबात नाही.

आधी बाटलीत काय आहे ते बघा. सँजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं हे मिश्रण. सँजोव्हेसे इटलीतल्या टस्कनीचं, तिथली कियांती वाईन त्याचीच होते. चव आंबटसर, चेरीच्या अंगाची. कॅबर्ने मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचं, जाड सालीचं, गडद आणि तुरट. ही जोडी टस्कनीत १९७० च्या दशकापासून नावारूपाला आली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी मिळून ‘सेत्ते’ बनवणारी फ्रातेल्ली ही कंपनी उभी केली. टस्कनीचे पिएरो मासी वाईनमेकर म्हणून आले आणि माळशिरस तालुक्यात सँजोव्हेसेचे वेल लागले.

तुरटपणा असतो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतल्या तुरट घटकाचा. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तसंच. ताटात चरबी आणि मीठ असलं की तो मऊ होतो. मिरचीचं उलटं आहे. अल्कोहोलने तिखटाची जळजळ वाढते आणि टॅनिनही जास्त बोचतं. म्हणून तर्रीच्या रश्श्याबरोबर ही वाईन घेऊ नका. रश्श्याची चव जाते आणि वाईनचीही.

पण मटण आपल्याकडे दोन टप्प्यांत होतं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून, कांद्यावर परतून, झाकणावर पाणी ठेवून शिजवतो ते अळणी. त्यातलं वाटीभर पोरांसाठी काढतो, मगच उरलेल्यात वाटण आणि काळा मसाला पडतो. या रविवारी ती वाटी मोठी करा आणि चरबीचे तुकडे आठवणीने तिच्यात टाका. लोखंडी तव्यावर तूप, चिरलेला लसूण आणि भरड मिरी घालून हे तुकडे कडा लालसर होईपर्यंत परता, शेवटी एक पिकलेला टोमॅटो चिरून घाला. टोमॅटोचा आणि सँजोव्हेसेचा आंबटपणा एकमेकांना छान सांभाळून घेतो. टस्कनीतल्या फ्लोरेन्सला निखाऱ्यावर भाजलेलं मांस मीठ-मिरीवरच खातात, आपलं अळणी त्याच्या फार जवळचं आहे. पाहुण्यांपुढे आपण अळणी कधी ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मटणाची खरी चव त्यातच असते. निखाऱ्यावरचा शिक कबाबही चालेल, फक्त वरून तिखट भुरभुरू देऊ नका.

आता भाकरी. ज्वारीची कडक भाकरी आणि वर शेंगा चटणी, हे या वाईनबरोबर मी कुणालाही बिनदिक्कत वाढेन. चटणी मात्र उखळात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी हवी आणि तिखट बेताचं. मिक्सरमधली कोरडी भुकटी नको. शेंगदाण्याचं तेल इथे चरबीचंच काम करतं. घरात कुणी शाकाहारी असेल तर दाण्याच्या कुटाचं भरलं वांगं करा. शेंगा पोळी जेवण झाल्यावर, वाईन संपल्यावरच काढा. गोडापुढे ही वाईन नुसती आंबट लागते.

आणि रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातल्या गार खोल्यांचा. ती १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. सोलापुरात दुपारी तशी खोली कुठून आणायची? बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पेल्यात थोडी थोडीच ओता.

प्रश्न : आमची नान्नजला सोनाका द्राक्षाची बाग आहे. त्याची अशी रेड वाईन का होत नाही?
– एक बागायतदार

उत्तर : एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी तुमच्या आणि वाईनच्या द्राक्षांच्या, दोन्ही बागांत तीच, पण फळ वेगळं. सोनाका खायचं द्राक्ष : लांब मणी, पातळ साल, बी नाही, रंग हिरवा-पिवळा. रेड वाईनला रंग सालीतून येतो, टॅनिन साल आणि बियांमधून. त्यासाठी मणी बारीक, काळा आणि जाड सालीचा लागतो. तुमचा माल खायला आणि बेदाण्यालाच सोन्यासारखा आहे.