संत लिओपोल्ड मांडिच कोण होते? केवळ पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला संतपद कसे मिळाले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, इटलीतील पादुआ शहरी जाण्याच्या तयारीत असताना आपल्याला लिओपोल्ड मांडिच हे नाव आढळले; हे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातील, धर्मगुरू ना मोठे ग्रंथकार होते, ना वक्ते, ना कोणत्या संस्थेचे संस्थापक, मग नुसते लोकांचे पापनिवेदन ऐकण्यावर त्यांना संत कसे मानले गेले, आणि त्यांचे स्थान पाहण्याजोगे आहे का? मी वसईकडच्या कॅथलिक कुटुंबातला आहे. काही वर्षांपूर्वी पादुआला गेलो तो आपल्याकडच्या बहुतेकांप्रमाणे संत अंतोनींच्या दर्शनासाठी, आणि तिथे मुक्कामी असताना या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाच्या खोलीत जाणे झाले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पापनिवेदनाविषयी, कारण ते समजल्याशिवाय या माणसाचे काम समजणार नाही. कॅथलिक परंपरेत श्रद्धावान मनुष्य धर्मगुरूंपुढे आपली पापे स्वतःच्या तोंडाने सांगतो. गोव्यात कोकणीत यालाच कुमसार म्हणतात. धर्मगुरू त्याचा पश्चात्ताप जाणून देवाच्या नावाने क्षमेचे शब्द उच्चारतात आणि एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून नेमून देतात. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावानाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम घातला, आणि ऐकलेली गोष्ट बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली. हे गुपित आजही इतके अभंग मानले जाते की, प्राण वाचवण्यासाठीसुद्धा ते उघड करता येत नाही. त्यामुळे आयुष्यभर हेच काम करणाऱ्या माणसाच्या कार्याची नोंद कुठेच उरत नाही. जे काही उरते ते त्याच्यापुढे गुडघे टेकलेल्या लोकांच्या आठवणीत. आपल्याला त्यांच्या नावावर ठळक असे काही सापडले नाही, याचे कारण बहुतांशी हेच आहे.

त्यांचा जन्म 12 मे 1866 रोजी एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या काठी, कोटोरच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या हर्सेग नोवी या गावात झाला. हे गाव आज माँटेनेग्रोत आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. पेटार आणि द्रागिका मांडिच या क्रोएशियन दांपत्याचे ते बारावे अपत्य. त्यांचे नाव बोगदान ठेवले गेले, म्हणजे आपल्याकडे आपण देवदत्त म्हणू तेच. मुलाची प्रकृती नाजूक होती आणि उंची पुढेही फारशी वाढली नाही. प्रौढ वयात ते सुमारे 1 मीटर 35 सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांपेक्षाही थोडे कमी उंच होते. बोलताना जीभ अडखळत असे. सोळाव्या वर्षी, 1882 साली, ते इटलीतील उदिने येथे कपुचिन मठाच्या विद्यालयात दाखल झाले. कपुचिन ही संत फ्रान्सिस यांच्या परिवारातील सोळाव्या शतकात निघालेली शाखा असून तपकिरी झगा, टोकदार टोपी आणि लांब दाढी ही तिची ओळख आहे. 1884 साली बास्सानो देल ग्राप्पा येथे व्रतजीवनाचा आरंभ करताना बोगदान यांनी लिओपोल्ड हे नाव घेतले, आणि 20 सप्टेंबर 1890 रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

यापुढची गोष्ट मला या चरित्राचा गाभा वाटते. त्यांच्या जन्मभूमीत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेजारीशेजारी राहत होते आणि तरीही रोम आणि पूर्वेकडील ख्रिस्तसभा यांच्यातील 1054 सालच्या फुटीने विभागलेले होते. आपल्या लोकांमध्ये परत जाऊन या दोन ख्रिस्ती समाजांचा समेट घडवण्यासाठी झटावे, ही लिओपोल्ड यांची एकमेव महत्त्वाकांक्षा होती. विद्यार्थी असताना, जून 1887 मध्ये, ही हाक आपल्याला प्रथम स्पष्ट ऐकू आली असे त्यांनी मानले, आणि पन्नास वर्षांनी, म्हातारपणी, त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली. यावरून ती किती खोल होती हे कळते. परंतु कपुचिन मिशनरी म्हटला की त्याने उभे राहून प्रवचन करायचे, दूरचे प्रवास सोसायचे, आणि यांची तर जीभ अडखळत होती व पोटाचे दुखणे पाठ सोडत नव्हते. वरिष्ठांनी त्यांना पापनिवेदन ऐकण्याच्या कामावर नेमले. मधल्या काळात झादार, कोपर अशा एड्रिअ‍ॅटिकच्या पूर्वेकडील गावांत काही वर्षे नेमणूक झाली तेव्हा आशा पालवली असणार, पण तिथून त्यांना पुन्हा इटलीत बोलावण्यात आले. 1909 साली ते पादुआला आले, आणि थोडे खंड सोडले तर मृत्यूपर्यंत तिथेच राहिले.

त्यांतले दोन खंड सांगण्यासारखे आहेत. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया परस्परांविरुद्ध लढत असताना लिओपोल्ड यांनी आपले मूळ नागरिकत्व सोडण्यास नकार दिला, आणि त्यामुळे त्यांना सुमारे वर्षभर दक्षिण इटलीतील मठांत जाऊन राहावे लागले. या माणसाच्या सौम्यपणाविषयी फार बोलले जाते, म्हणून त्यांचा हा ताठपणाही ध्यानात ठेवावा असे मला वाटते. दुसरा खंड 1923 सालचा. त्या वर्षी त्यांची बदली फिऊमे येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका शहरात झाली. ज्या किनाऱ्याची ओढ तीस-पस्तीस वर्षे मनात होती तिथे ते पुन्हा पोहोचले, आणि काही आठवड्यांतच पादुआच्या लोकांनी व तिथल्या बिशपांनी धरलेल्या आग्रहामुळे त्यांना परत यावे लागले. ते निमूटपणे परतले. पुढे त्यांनी आपल्या टिपणांत असा निश्चय लिहून ठेवला की, माझ्याकडे येणारा प्रत्येक जीव हाच माझा पूर्वदेश. हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी मला त्यात समाधानाइतकीच वेदनाही ऐकू येते, कारण मूळ इच्छा त्यांनी कधीच टाकून दिली नव्हती. ती त्यांनी त्या खोलीतल्या कामात ओतली.

ती खोली सुमारे दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. त्यात एक खुर्ची, गुडघे टेकण्याची जागा, भिंतीवर क्रूस. उन्हाळ्यात कोंदट आणि हिवाळ्यात गारठणाऱ्या या जागेत ते तीस वर्षांहून अधिक काळ रोज दहा-दहा, बारा-बारा तास आणि कधी त्याहूनही जास्त वेळ बसत. येणाऱ्यांत शेतकरी असत, विद्यापीठातले प्राध्यापक असत, सैनिक असत आणि स्वतः धर्मगुरूही मोठ्या संख्येने असत. वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेला कोणी संकोचून दारात उभा राहिला, तर ते उठून त्याला सामोरे जात. एकदा असा एक गोंधळलेला गृहस्थ गुडघे टेकण्याऐवजी धर्मगुरूंच्याच खुर्चीत जाऊन बसला, तेव्हा त्याला खजील करण्याऐवजी लिओपोल्ड यांनी स्वतः गुडघे टेकून त्याचे पापनिवेदन ऐकले, अशी आठवण पादुआत सांगितली जाते.

त्यांच्यावर आक्षेपही होता, आणि तो सहकारी धर्मगुरूंकडून आला: हे फार सहज क्षमा करतात, यांच्यामुळे लोकांना पापाचे भय उरणार नाही. या आक्षेपाला ते क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे बोट दाखवून उत्तर देत की, हा वाईट कित्ता मला त्यानेच घालून दिला. जिवांसाठी प्राण आपण दिले नाहीत, त्याने दिले. आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही, कारण क्षमा स्वस्त झाली तर पश्चात्तापही स्वस्त होतो. परंतु लिओपोल्ड हलके प्रायश्चित्त नेमून देत आणि उरलेले स्वतः करीत. दिवसभर ऐकून झाल्यावर रात्रीचे तास त्या लोकांच्या वतीने प्रार्थनेत घालवीत. म्हणजे किंमत माफ होत नव्हती, ती दुसऱ्याच्या खात्यावर चढत होती. शिवाय स्वभावाने ते मुळात शांत नव्हते. चटकन रागावण्याची आपली वृत्ती त्यांना ठाऊक होती आणि तिच्याशी ते झगडत राहिले. दिवसाचे बारा तास मृदू राहणे त्यांना आपसूक जमत नव्हते, हे मला त्यांच्या सर्व गुणांत अधिक मोलाचे वाटते.

याच कपुचिन संघातील त्यांचे समकालीन पाद्रे पिओ आपल्याकडे अधिक परिचित आहेत. तेही दिवसभर पापनिवेदन ऐकत, पण पश्चात्ताप खरा नाही असे वाटले तर येणाऱ्याला खडसावून परत पाठवीत. एकाच परंपरेत हे दोन्ही मार्ग मान्य झाले. 2016 साली करुणेच्या विशेष वर्षात पोप फ्रान्सिस यांनी या दोघांचेही अवशेष रोमला आणवून संत पेत्राच्या महामंदिरात दर्शनासाठी ठेवले.

अखेरच्या काळात लिओपोल्ड यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला. तरीही मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी लोकांचे ऐकले, आणि 30 जुलै 1942 रोजी सकाळी मिस्साची, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेची, तयारी करीत असताना ते कोसळले. त्याच दिवशी, मरियेची प्रार्थना म्हणत असता, त्यांचा अंत झाला. पोप सहावे पॉल यांनी 2 मे 1976 रोजी त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, आणि 16 ऑक्टोबर 1983 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले. त्या वेळी रोममध्ये जगभरातील बिशपांची सभा भरलेली होती आणि तिचा विषयच प्रायश्चित्त व समेट हा होता. आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर या निवडीत आहे: ख्रिस्तसभेने चमत्कारांची रीतसर तपासणी केलीच, पण पुढे ठेवला तो आदर्श एका दाराआड ऐकत बसलेल्या माणसाचा होता. ज्या पूर्व-पश्चिम ऐक्यासाठी त्यांनी आयुष्य अर्पण केले त्याचेही ते आज एक प्रतीक मानले जातात, जरी त्या दिशेने त्यांना प्रत्यक्ष काहीच करता आले नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. संत अंतोनींच्या बासिलिकेतून निघून प्रातो देल्ला वाल्ले हा विशाल चौक ओलांडला की सांता क्रोचे येथील कपुचिन मठापर्यंत चालत जाता येते. मे 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात या मठाची आणि चर्चची पडझड झाली, पण लिओपोल्ड यांची खोली उभी राहिली. हे असेच घडेल असे ते आधी बोलले होते, असे श्रद्धावान सांगतात. चर्च नंतर पुन्हा बांधले गेले, आणि 1963 साली त्यांचे पार्थिव शहरातील दफनभूमीतून इथे आणून त्या खोलीला लागून असलेल्या कक्षात ठेवण्यात आले. मोठी चित्रे किंवा भव्य कमानी पाहायच्या असतील तर अंतोनींकडेच अधिक वेळ द्यावा. इथे एक खुर्ची आहे, आणि दारात उभे राहिल्यावर ती जागा किती लहान आहे ते दिसते. मी गेलो तेव्हा शेजारच्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी लोक रांगेत बसले होते, आणि मीही त्या रांगेत बसलो.