क्रूझवरच्या पूलमध्ये समुद्राचंच पाणी असतं का? आमच्या वाशीच्या सोसायटीसारखं क्लोरीन नसतं ना?

बऱ्याच जहाजांवर समुद्राचंच असतं. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, म्हणजे एक घोट गेला की कळतंच. काहींवर गोडं पाणीही असतं. पण खारं म्हणजे बिनक्लोरीनचं, असं नाही. भर समुद्रात, किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, ताजं पाणी सतत आत-बाहेर सोडता येतं. बंदरात तसं करणं म्हणजे ठाण्याच्या खाडीत डुंबणं! (मी तरी उतरणार नाही.) तिथे आहे तेच पाणी गाळून, क्लोरीन किंवा ब्रोमीन घालून फिरवतात, नाहीतर पूल रिकामा करतात.

आणि सोसायटीच्या पूलमध्ये डोळे चुरचुरतात ते बहुतेक क्लोरामाइनमुळे: क्लोरीनमध्ये घाम-लघवी मिसळली की ते बनतं. पोरांना आधी बाथरूमला पाठवा.