एकनळी आणि एकबारी

प्रश्न असा आलाय: "आमचं घर बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे. पीक राखायला आजोबांनी परवान्याची बंदूक घेतली होती. आज्जी तिला 'एकबारी' म्हणायची, वडील 'एकनळी' म्हणतात आणि परवान्यावर एस. बी. बी. एल. अशी अक्षरं आहेत. तिन्ही एकच का? 'एकबारी' हा शब्द बरोबर आहे का?"

शब्द बरोबर आहे. माझ्या मते तिघांत तोच सगळ्यात नेमका आहे.

'एकनळी', 'दुनळी' म्हणताना आपण नळ्या मोजतो. 'एकबारी' म्हणताना बार मोजतो. बार म्हणजे नळीत भरलेली दारू आणि छर्रे, आणि ते उडाल्यावर होणारा आवाजही. बार भरला, बार काढला, बार फुसका गेला. तंबाखूचा बार भरतात, पोरीच्या लग्नाचा बार उडवतात, तोही हाच. दुबार पेरणीतला बार मात्र वेगळा. तो फारसीतला आहे आणि त्याचा अर्थ खेप.

ठासणीच्या बंदुकीत हा बार डोळ्यांसमोर भरला जायचा. नळीच्या तोंडातून मापून दारू, वर काथ्याचा नाहीतर चिंध्यांचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे आणि परत बोळा. एवढं केल्यावर एकच बार. तो चुकला की पुढचा भरेपर्यंत डुक्कर भाताच्या वाफ्यातून केव्हाच पार. अशा बंदुकीला बायामाणसांनी 'एकबारी' म्हणावं यात नवल नाही. राखणीला बसणाऱ्याच्या हातात किती नळ्या आहेत यापेक्षा किती बार आहेत, हे घरच्यांना महत्त्वाचं.

हा बार पेटवायचा कसा, यातून आणखी शब्द आले. तोड्याच्या बंदुकीत जळती वात आणि चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी आधी कानावरची, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाजवळची, रंजक पेटवायची. रंजक म्हणजे पेट घ्यायला ठेवलेली चिमूटभर दारू. आज 'रंजक' म्हटलं की फक्त गोष्ट आठवते, पण हा जुना अर्थ विसरू नये असं मला फार वाटतं. रंजकेचा भडका दिसला की पाखरं बार सुटायच्या आत उडायची. अलेक्झांडर फोरसिथ हा स्कॉटलंडमधला पाद्री शिकारीत याच अडचणीने त्रासला. आपटल्यावर पेट घेणारी पूड वापरून त्याने उपाय काढला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे ती पूड तांब्याच्या इवल्या टोपीत बसली. ती टोपी म्हणजे केप, आणि ती वापरते ती केपाची बंदूक. कन्नडमध्येही 'केपिन कोवी'च म्हणतात. इंग्रजी 'कॅप' दोन्ही भाषांनी सारखाच पचवलाय.

१८३० च्या दशकात पॅरिसच्या लफोशो या बंदूक बनवणाऱ्याने मधे मोडून मागून काडतूस घालायची बंदूक आणली. दारू, छर्रे आणि पेटवण सगळं एका पुडक्यात आलं. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आलाय. गोव्याची हद्द आपल्याला किती जवळ, ते वेगळं सांगायला नको. कन्नडमध्ये त्याला 'तोटा' म्हणतात. लहानपणी बाजारात कुणी 'तोटा' म्हणालं की मला वाटायचं याचं नुकसान झालंय.

आता परवान्याची अक्षरं. पहिली दोन, एस. बी., म्हणजे एक नळी. पुढची बी. एल. म्हणजे मागून भरायची. त्या जागी एम. एल. असेल तर ती तोंडाकडून भरायची, म्हणजे ठासणीची. नळी किती आणि भरायची कुठून, एवढंच ती अक्षरं सांगतात. बार किती, ते सांगत नाहीत. एरवी यात घोटाळा होत नाही, कारण मोडून भरायच्या एकनळीत एका वेळी एकच काडतूस बसतं. पण विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचं १८९७ सालचं पंपाचं मॉडेल घ्या. नळी एकच, तिच्याखालच्या नळकांड्यात पाच काडतुसं. ती एकनळी आहे, पण तिला एकबारी म्हणता येणार नाही. उलट साध्या दुनळीत दोन बार असतात, म्हणजे दोन एकबारी शेजारी बांधल्यासारखंच. म्हणून म्हणतो, वडील बरोबर आहेत, पण आज्जींच्या शब्दात जास्त माहिती आहे.

घरात जुनं रिकामं काडतूस असेल तर पितळी बूड पाहा. बहुधा '१२' दिसेल. त्याचा अर्थ बारा छर्रे नव्हे आणि बारा बारही नव्हे. नळीत चपखल बसेल अशी शिशाची गोळी केली तर एका पौंडात बारा भरतात, म्हणजे एक सुमारे ३८ ग्रॅमची. म्हणून 'बारा बोर'. याच हिशेबाने १६ बोरची नळी बारीक आणि ८ बोरची जाड. आकडा वाढला की नळी मोठी, असं पुष्कळजण समजतात. ते उलटं आहे.

घराण्याची माहिती लिहीत असाल तर 'एकबारी, काडतुसाची, बारा बोर' असं लिहा. आज्जींचा शब्द पहिला ठेवा.