ट्रनियनला ग्रीस मारू नका

प्रश्न : काका, माझ्याकडे 1972 सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क 4 आहे. मामांची गाडी, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. रविवारी सकाळी नेरूळहून पामबीच रोडने वाशीपर्यंत एक फेरी, एवढाच तिचा वापर. हल्ली साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत राहावं लागतं आणि पार्किंगमध्ये पूर्ण वळवली की डाव्या चाकाकडून ‘कटक’ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, पॉलीचे (पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे) बुश, अॅल्युमिनियमचे रॅक माउंट, कडक स्प्रिंगा, सगळं एकदम अपग्रेड करून टाका. करू का? ग्रीसिंग मात्र मी दर सहा महिन्यांनी न चुकता करून घेतो.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून हातातला चहा खाली ठेवला. हे ग्रीसिंग कुठेकुठे होतं? पुढच्या चाकांच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्यालाही ग्रीसच जात असेल, तर अपग्रेडचं नंतर बघू. तोपर्यंत गाडी बिल्डिंगच्या बाहेर काढू नका.

स्पिटफायर हेराल्डच्या सांगाड्यावर उभी आहे. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची, तिचीच ही उनाड बहीण. पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट असतो, पण खाली नसतो. उभ्या लिंकच्या खालच्या टोकाला बोल्टासारखे आटे असतात आणि ते टोक ब्राँझच्या ट्रनियनमध्ये फिरवून बसवलेलं असतं. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा चाक या आट्यांवर फिरतं. तिथे लागतं ईपी 90, म्हणजे गिअरबॉक्सचं जाड तेल. ग्रीस तोंडाशीच बसून राहतं, आत झिरपत नाही. आटे कोरडे पडतात, पावसाचं पाणी शिरतं, पोलाद गंजतं आणि एक दिवस लिंक आट्यांपाशी तुटते. बहुतेकदा वेगात नाही, तर पूर्ण वळवून गाडी लावताना. तुमचा ‘कटक’ तिथूनच येतोय असं इथे बसून छातीठोक सांगणार नाही, पण मला तो आवडलेला नाही.

एकोणीस वर्षांचा असताना मी ठाण्यात एका गॅरेजमध्ये शिकाऊ होतो. नौपाड्यातल्या एका डॉक्टरांची हेराल्ड त्यांच्याच फाटकातून वळताना बसली. चाक मडगार्डखाली आडवं झालेलं. त्या गाडीला वर्षभर ग्रीस मारणारा मीच. मालक एक शब्द बोलले नाहीत, तुटका तुकडा माझ्या हातात ठेवला आणि निघून गेले. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी, उरलेला चांदीसारखा चकचकीत. तपकिरी भाग कधीपासून चिरत आला होता कोण जाणे. चकचकीत तेवढा त्या सकाळी तुटला.

आता तपासणी. या गाडीचं एक सुख म्हणजे अख्खं बॉनेट पुढे उलटतं, टायरवर बसून काम करता येतं. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा ट्रनियनचा. मग चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा, म्हणजे रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांकडे नेणारा आडवा दांडा, आणि त्याला चाकाशी जोडणारा सांधा, टाय रॉड एंड, यांची स्थिती कळेल. शेवटी चाकं जमिनीवर ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि रॅककडे बघा. रॅक धरणारे रबराचे ठोकळे इंजिनच्या तेलाने मऊ झाले असतील, तर चाकांआधी रॅकच सरकताना दिसेल. तुमचं डावं-उजवं करणं मला या ठोकळ्यांचं वाटतं. थरथर तर साध्या व्हील बॅलन्सिंगचीही असू शकते. तीनशे-चारशे रुपयांचं काम, ते अपग्रेडच्या आधी उरका.

ट्रनियन मात्र काहीही दिसो, दोन्ही बाजूंचे खोला. लिंक रॉकेलने धुऊन आट्यांवर नख फिरवा. खड्डे लागले तर लिंक बाद. चांगली वाटली तरी तुर्भे एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये कुणाकडून डीपी टेस्ट, म्हणजे चीर शोधायची चाचणी, करून घ्या. लाल रंग लावतात, पुसतात, वर पांढरा मारतात. चीर असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. मग कुणी वेल्डिंगने भरून लेथवर नवे आटे पाडून देतो म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून ट्रनियनची अदलाबदल होत नाही. नवा ट्रनियन शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा, दोन्हीकडे पूर्ण वळेल इतपत. नाहीतर पूर्ण वळणावर तो तळाशी टेकतो आणि तुमचा जोर थेट आट्यांवर येतो. मग ईपी 90 भरा. खालचा प्लग काढून तिथे तात्पुरतं निप्पल लावायचं आणि ग्रीसगनमध्येच तेल भरून मारायचं. कंपनीचं सांगणं दर 6,000 मैलांचं. तुमची गाडी दहा वर्षांतही तेवढी चालणार नाही, तेव्हा मैल विसरा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा.

हे झालं की हौस. अॅल्युमिनियमचे रॅक माउंट लावले की स्टिअरिंग चटकन ऐकतं, यात खोटं नाही. पण रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मनगटात येतो. पामबीचवर मजा वाटेल, ठाण्याला यायला निघालात तर घोडबंदर रोडवर मला शिव्या द्याल. मी नवे रबरी ठोकळेच घालीन, फार तर पॉलीचे. विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या हातांचे, बुश रबरी घेतलेत, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. हे मेकॅनिकला दोनदा सांगा. हो म्हणेल आणि तसंच आवळेल. कडक स्प्रिंगा नकोत. एवढ्या हलक्या गाडीला त्या आपल्या रस्त्यांवर नुसत्या उडवतात.

स्टिअरिंगच्या दांड्यावरचं रबरी कपलिंगही बघा. ते बदलल्यावर हॉर्न बंद पडला तर घाबरू नका, त्यावरून जाणारी अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली असेल.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तुमची गाडी नसेल, मॅन्युअलमधली मापं कागदावर लिहून न्या. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागच्या शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी जुळतो, हेही सांगा, नाहीतर ‘यात अॅडजस्टमेंटच नाही’ म्हणून परत पाठवतील.

प्रश्न : जुन्या गाडीच्या लोअर आर्मला पॉलीचे बुश बसवले. दोन महिन्यांत स्पीडब्रेकरवर जुन्या दारासारखी कुरकुर सुरू झाली. परत रबर घालू का?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : एवढ्यात नको. पॉलीचा बुश आतल्या नळीवर फिरतो, रबरासारखा पिळला जात नाही. नळी कोरडी बसवली की ओरडणारच. खोलून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं नको. नळीवर ओरखडे असतील तर ती बदला. आणि हो, ग्रीस इथे चालतं.