ब्रश, पाणी की हँडरब? : ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) हातांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी सर्जरीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. आमचे सर ऑपरेशनआधी दहा मिनिटं ब्रशने हात घासायला लावतात. युनिटमधल्या नव्या मॅडम मात्र नुसता हँडरब (हाताला चोळायचं अल्कोहोलयुक्त जंतुनाशक) चोळून आत जातात. बरोबर कोण?

सरांवर रागावू नका, आम्हालाही तेच शिकवलं होतं. पण फ्रान्समधल्या सहा रुग्णालयांत ४,३८७ रुग्णांवर ही तुलना झाली आणि २००२ साली निकाल आला : जखमेत जंतुसंसर्ग हँडरब वापरला तेव्हा २.४४ टक्के, हात घासून धुतले तेव्हा २.४८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेला दोन्ही पद्धती मान्य आहेत. ब्रश मात्र सोडा. त्याने कातडी खरवडते आणि आत दडलेले जंतू वर येतात. धुवायचंच असेल तर दोन ते पाच मिनिटं पुरतात.

आता मॅडमकडेही जरा नीट बघा. हँडरब म्हणजे तीर्थ नव्हे, की तळहातावर घेतलं आणि झालं. डाव्या तळव्यात साधारण ५ मिली घ्यायचं, उजव्या हाताची बोटं त्यात बुडवून नखांखाली पाच सेकंद मुरू द्यायचं, मग तेच उजव्या हातावर कोपरापर्यंत, वाळेस्तोवर चोळायचं. मग दुसरा हात. तिसऱ्या खेपेला फक्त मनगटापर्यंत. बाटलीवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत हात ओला राहिला पाहिजे; आधी वाळला तर आणखी घ्या. अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास सुटतात.

प्रश्न : आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर. टाकीच्या पाण्यावर भरवसा नाही. मग स्क्रब कसं व्हायचं, म्हणजे ऑपरेशनआधी हात जंतुमुक्त कसे करायचे? (ओटी सिस्टर)

तुमच्यासाठी हँडरबच. टाकीतलं पाणी खराब असेल तर धुतलेल्या हातावर जंतू परत येऊन बसतात. फक्त ड्यूटीच्या सुरुवातीला एकदा चांगल्या पाण्याने साबण लावून हात धुवा, नखं साफ करा. मळ आणि रक्ताच्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. त्यानंतर हात ठणठणीत कोरडे होऊ द्या, नाहीतर उरलेल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं.

हँडरब स्थानिक पातळीवर बनवायचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिलंय : ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड हातासाठी नसतंच, बाटलीत शिरलेले बीजाणू (जंतूंची टणक कवचातली सुप्त रूपं) मारायला असतं. अल्कोहोलला बीजाणू दाद देत नाहीत.

प्रश्न : हँडरब लावला की हात चरचरतात. बंद करू का?

चरचरतंय याचा अर्थ कातडीला आधीच भेगा आहेत, आणि बहुतेक वेळा त्या साबणाने पडलेल्या असतात. हँडरबच्या लगेच आधी-नंतर साबण नको, ओल्या हातांवर ग्लोव्ह्ज चढवू नका, घरी गेल्यावर क्रीम लावा. पुरळ उठलं तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हॉलस्टेड या सर्जनच्या ओटीत कॅरोलिन हॅम्प्टन नावाची सिस्टर होती. पारायुक्त जंतुनाशकाने तिचे हात सोलवटले, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये त्यांचं लग्नही झालं. रुग्ण वाचवायला नव्हे, सिस्टरचे हात वाचवायला ओटीत ग्लोव्ह्ज आले!

प्रश्न : ग्लोव्ह्ज घालायचेच आहेत, मग एवढा खटाटोप का?

ग्लोव्ह्जना डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात, आणि आतल्या उबेत, घामात जंतू भराभर वाढतात. लांबलचक ऑपरेशनमध्ये म्हणूनच क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा उपयोग होतो. ते कातडीला चिकटून राहतं, पोविडोन आयोडीन या दुसऱ्या जंतुनाशकाचा असर लवकर ओसरतो.

प्रश्न : हिरव्या बांगड्या, हातातला गंडा चालेल?

नाही. अंगठी आणि नेलपॉलिशही नाही. सासूबाईंना माझं नाव सांगा.