वाचक विचारतात : लष्करी जनरेटर सेटच्या सायलेन्सरमधून काळं तेल का गळतं?

प्रश्न : मालवण तालुक्यात आमचं छोटं होमस्टे आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात लाईट गेली तेव्हाच ठरवलं की घरचा जनरेटर हवा. मागच्या वर्षी लष्कराच्या लिलावातून सुटलेला 15 केव्हीएचा थ्री फेज सेट भंगारवाल्याकडून घेतला, फारसा चाललेला नाही. पण आता सायलेन्सरच्या तोंडातून काळं चिकट तेल गळतंय, खालच्या चिऱ्यावर डाग पडलेत, आणि मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. त्यावर दोन फ्रीज, पंखे आणि दिवे एवढंच चालतं. काय करू?

उत्तर : भाऊ, इंजिन खोलायची घाई करू नका. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आहे ना, दोन फ्रीज-पंखे-दिवे, दुखणं तिथेच आहे. 15 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टर धरला तर 12 किलोवॅट, आणि तुमचं सगळं मिळून जेमतेम 1 किलोवॅट होत असेल. एवढ्याशा कामावर डिझेल इंजिन तापतच नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नीट दाबून बसत नाहीत, मग न जळलेलं डिझेल, ऑईल आणि काजळी एकत्र होऊन तो काळा रस बाहेर येतो. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. बोटाने चोळून बघा, डांबरासारखं चिकट असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर तेच आहे.

म्हणून सेटला काम द्या. निदान 30 टक्के, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या पुढे लोड कायम हवा. विहिरीचा पंप आणि पाहुण्यांचे गिझर सेट चालू असतानाच लावा, दोन-दोन किलोवॅटचे दोन गिझर आणि 2 एचपीचा पंप धरलात की निम्म्यावर काम होतं. फक्त तिन्ही फेजवर सारखं वाटून घ्या, सगळं एकाच फेजवर टाकलंत तर आल्टरनेटर, म्हणजे सेटचा वीज तयार करणारा भाग, तापेल. आधी साचलेलं जाळायला लोड हळूहळू वाढवत 70-75 टक्क्यांपर्यंत न्या आणि एक-दोन तास चालवा. सुरुवातीला धूर खूप येईल, सायलेन्सरमधलं तेल पेटूही शकतं, म्हणून सेट मोकळ्या जागेत हवा, जवळ सुकं गवत, झापं काही नको आणि माणूस जवळ उभा हवा. दोन-तीनदा असं करूनही गळती थांबली नाही तर मग इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तपासून घ्या, इंजिन खोलणं त्याच्याही नंतर.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला राहवत नाही. सेट पडवीत किंवा मांगरात बंद करून कधीही चालवू नका, त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो. आणि चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची लाईन किंवा सेट यातलं एकच जोडणारा स्विच, लावलाय ना? नसेल तर आधी तो लावा. वादळानंतर वायरमन खांबावर चढलेला असतो, लाईन बंद आहे समजून, आणि तुमच्या सेटची वीज उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन त्याच्यापर्यंत पोचते.

बहुतेक लष्करी सेट 24 व्होल्टवर स्टार्ट होतात, 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यातल्या एकीवरून दिवा घेऊ नका, एक उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन मरते. खारा वारा आहे तेव्हा टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत आत दव धरतं आणि पाणी तळाला बसतं, ते महिन्यातून एकदा खालच्या नळीतून काढा. सेट बंद असेल तेव्हा आल्टरनेटरजवळ 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा, तेवढ्या उबेने वाइंडिंग ओलं होत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत लष्करी सेट अगदी स्वस्तात मिळतोय, प्लेटवर 400 हर्ट्झ लिहिलंय. घ्यावा का?

उत्तर : नको. 400 हर्ट्झ रडार आणि विमानांसाठी असतं, आपल्या घरातली वीज 50 ची. इंजिनचा वेग कमी करून हे जमवता येत नाही, व्होल्टेज पार पडेल आणि पंप-फ्रीज काही चालणार नाही. बयाणा दिला नसेल तर देऊ नका, 50 हर्ट्झ आणि 1500 आरपीएम लिहिलेला सेट शोधा.