कॅम्पर व्हॅनची बॅटरी भरत नाही : नवी घेण्याआधी काय मोजावे

आपल्या प्रश्नातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपली व्हॅन २०२१ सालची आहे. राहण्याच्या भागासाठी १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, छतावर ३०० वॉटचे सौर पॅनेल आणि ऑल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा डायनॅमो) व्होल्टेज पाहून जोडणाऱ्या रिलेमार्गे (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) चार्जिंग, अशी व्यवस्था आहे. पुण्याहून गणपतीपुळ्यापर्यंत दिवसभर गाडी चालवूनही रात्री दोनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो आणि दुकानदार नवी बॅटरी घ्यायला सांगतो. माझे स्पष्ट मत असे, की एवढ्या माहितीवर बॅटरी बदलू नये. दोष चार्जिंगच्या मार्गात असेल, तर नवी बॅटरीही रोज अर्धवटच भरेल, तिच्या प्लेटांवर सल्फेट साचेल आणि काही महिन्यांत तीही अशीच निकामी होईल.

पहिली तपासणी रात्रीच, फ्रिज बंद पडेल त्या क्षणी करावी. मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलांवर आणि लगेच फ्रिजच्या प्लगपाशी व्होल्टेज पाहावे. ही दुसरी नोंद काँप्रेसर सुरू होऊ पाहतो त्याच क्षणी घ्यावी, कारण विद्युतप्रवाह थांबला की तारेतील घट दिसत नाही. बॅटरीवर १२.३ आणि फ्रिजपाशी ११.३ असे काही दिसले, तर बॅटरीत वीज शिल्लक आहे. फ्रिजकडे जाणारी तार बारीक आहे किंवा तिचा सांधा खराब आहे. अशा वेळी फ्रिजचे संरक्षक सर्किट बॅटरी संपली असे समजून काँप्रेसर थांबवते. चार्जिंगची तक्रार म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत खरा दोष इथेच असतो.

बॅटरीवरच ११.८ च्या आसपास दिसले, तर मात्र ती खरोखर रिकामी झाली आहे. मग बॅटरी शाबूत आहे का, हे एकदा पाहून घ्यावे : बाहेरच्या चार्जरने रात्रभर पूर्ण भरावी, सर्व जोडण्या काढून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी. चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. शिवाय हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील आम्लाची घनता पाहावी. एका कप्प्याची घनता इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक कमी असेल, तर तो कप्पा गेला असे धरायला हरकत नाही.

आता मुख्य भाग. इंजिन चालू करून गाडीच्या, म्हणजे पुढच्या, बॅटरीवर १४.२ व्होल्ट दिसले, की बहुतेक वायरमन 'डायनॅमो ठीक आहे' असे सांगून मोकळे होतात. ते खरे असते, पण आपला प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, कारण तीच वीज मागच्या, म्हणजे राहण्याच्या भागातील, बॅटरीपर्यंत किती उरून पोहोचते हे अजून कोणी पाहिलेलेच नसते. ही मोजणी मागची बॅटरी अर्धी रिकामी असताना, सायंकाळी किंवा सौर पॅनेलचे कनेक्शन काढून करावी. नाहीतर सौर कंट्रोलरचे (पॅनेलची वीज बॅटरीला देणारे उपकरण) व्होल्टेज आकड्यांत मिसळते. मीटरच्या एका प्रोबला लांब तार जोडावी आणि पुढच्या बॅटरीचे धन टर्मिनल व मागच्या बॅटरीचे धन टर्मिनल यांच्यामध्ये थेट व्होल्टेज मोजावे. मग दोन्ही ऋण टर्मिनलांमध्ये तसेच मोजावे. या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. ३० अँपिअर वाहत असताना ही बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असावी.

ती जास्त असेल, तर मार्गाचे तुकडे पाडावेत : फ्यूजच्या दोन टोकांमध्ये, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये, प्रत्येक लगवर (तारेच्या टोकाची धातूची कडी). एकट्या फ्यूजहोल्डरवर ०.४ व्होल्ट हरवत असतील, तर ३० अँपिअरला तिथे १२ वॉट उष्णता निर्माण होते, आणि होल्डरचे प्लास्टिक तपकिरी होऊन लगजवळची तार कडक झालेली डोळ्यांनाही दिसते. ऋण बाजूला अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असणे हा नेहमीचा दोष आहे. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत त्याखाली गंज लवकर धरतो. चासीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, लग आवळून, वरून ग्रीस लावावे. तारेचा आकारही पाहावा. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन १० मीटर असेल, तर ३० अँपिअरला जवळपास १ व्होल्ट तिच्यातच संपतो. १६ चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट सुमारे ०.३५ वर येते. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा : आत पांढरा धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे आणि या कामासाठी ती बदललेलीच बरी.

प्रवाह मोजण्यासाठी डीसी (बॅटरीचा एकाच दिशेचा प्रवाह) मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, लागतो. स्वस्त क्लॅम्प मीटरांपैकी अनेक केवळ एसी (घरातील विजेचा प्रवाह) मोजतात, तेव्हा खरेदीपूर्वी खात्री करावी. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअरच असते, म्हणून त्यातून चार्जिंगचा प्रवाह कधीही नेऊ नये.

आपली गाडी बीएस-६ प्रदूषण-मानकांच्या काळातील असल्याने आणखी एक शक्यता मला गंभीर वाटते. अशा अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी, पुढची बॅटरी भरली की ऑल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम उतरवले जाते. सुरुवातीला १४.४ दिसते आणि अर्ध्या तासाने १२.६, आपल्यासारखा रिले साधारण १२.८ ला तुटतो, आणि उरलेला घाट मागची बॅटरी काहीही न मिळता उतरते. म्हणून हीच मोजणी अर्धा तास गाडी चालवल्यावर पुन्हा करावी. निदान हेच ठरले, तर रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर (येणारे व्होल्टेज कमी असले तरी मागच्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारे उपकरण) बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे. गाडीच्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असेल, तर मागच्या भागाचे अर्थिंग त्या टर्मिनलवर न घेता चासीवर घ्यावे. अन्यथा मागे जाणारा प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि ऑल्टरनेटरचा हिशोब चुकतो.

सौर बाजूसाठी कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार योग्य निवडला आहे ना, हे तपासावे आणि पॅनेलवर कॅरिअरची सावली पडत नाही ना, हे दुपारी वर चढून पाहावे.

लिथियम घ्यावी का, असेही आपण विचारले आहे. सध्याच्या रिलेवर ती घेऊ नये. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि इंजिन मंद गतीवर असताना, पंख्याची हवा कमी पडत असल्याने, ऑल्टरनेटर तापून जळू शकतो.

इंजिन सुरू केल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने दोन्ही बॅटऱ्यांवरील व्होल्टेज, धन व ऋण बाजूंची घट, आणि रात्रीच्या त्या दोन नोंदी इथे लिहाव्यात. तारेची जाडी व लांबीही कळवावी, म्हणजे चार्जर किती अँपिअरचा घ्यायचा हे निश्चित सांगता येईल.